रिकाम्या खुर्चीचा हप्ता

न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर फेडरल कर, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर अशा भल्या थोरल्या वजावटी असतात. त्यांच्या आसपास एक बारकी ओळ असते: एफएलआय, म्हणजे फॅमिली लीव्ह इन्शुरन्स. 2025 मध्ये ती 100 डॉलरमागे 33 सेंट कापत होती. एरवी तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. घरात पाळणा हलला किंवा कुणी अंथरूण धरलं, की तिची आठवण होते.

एडिसनच्या आसपास कुठल्याही मराठी घरात या ओळीवरून होऊ शकेल असा वाद खाली दिला आहे. मावशी आणि भाचा ही माणसं मी कल्पिलेली आहेत. त्यांच्या तोंडचे कायदे आणि आकडे खरे आहेत. मावशींचं फिजिकल थेरपीचं क्लिनिक आहे, आठ माणसांचं. भाचा पेरोलच्या कामात आहे आणि मुलगी झाल्यावर 12 आठवडे रजा घेऊन नुकताच कामावर रुजू झाला आहे.

मावशी: 12 आठवडे तू घरी बसलास?

भाचा: बसलो कुठला! मला वाटतं मी ऑफिसात जास्त बसतो. पगाराच्या 85 टक्के राज्याकडून येत होते, आठवड्याला जास्तीत जास्त 1,081 डॉलर. माझ्या पगाराला ती मर्यादा आडवी आली, पण घराचा हप्ता थकला नाही.

मावशी: आमच्या वेळी तुझ्या काकांना दोन दिवस मिळाले होते. तिसऱ्या दिवशी स्वारी ऑफिसात. आणि माझी आई आली होती सहा महिन्यांसाठी, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. बाळाची मालीश, माझा शेक, स्वयंपाक, सगळं तिनं केलं. सरकारच्या दारात आम्ही गेलो नाही.

भाचा: आजीला येता आलं म्हणून. 2022-23 मध्ये मुंबईत भेटीच्या व्हिसासाठी मुलाखतीची तारीख वर्षापेक्षाही पुढची मिळत होती. बाळ काही तेवढं थांबत नाही. आणि आलेली आजी आता सत्तरीची असते, तिचेच गुडघे बोलत असतात. इकडच्या कुणा सासू-सासऱ्यांची बायपास झाली, तरी याच विम्यातून रजा मिळते, ठाऊक आहे ना? 2019 च्या दुरुस्तीनं सासू-सासरे, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं सगळी कुटुंबात आली. रक्ताचं नातं नसलं तरी घरच्यासारखं जवळचं माणूस असेल, तर तेही चालतं.

मावशी: ते मला ठाऊक आहे, आणि पैशाचंही मला दुःख नाही. न्यू जर्सीत हा हप्ता नुसता नोकरदाराच्या पगारातून जातो, मालकाला त्यात दमडी भरायची नाही. माझं दुखणं वेगळं आहे. माझी सगळ्यात जुनी थेरपिस्ट सातव्या महिन्यात आहे. बाळंतपणाआधी चार आठवडे, नंतर सहा, सिझेरियन झालं तर आठ. ते आजारपणाच्या विम्यातून. त्यावर बाळाबरोबर राहायचे 12. बेरीज कर.

भाचा: 22. पाच महिने.

मावशी: पाच महिने तिची खुर्ची रिकामी. तू म्हणशील, बदली माणूस घे. बदली थेरपिस्टला न्यू जर्सीचं लायसन्स हवं. ते असलं, तरी प्रत्येक इन्शुरन्स कंपनीकडं तिचं नाव माझ्या क्लिनिकखाली नोंदवून घ्यावं लागतं. त्याला तीन-तीन महिने जातात. तोवर तिनं तपासलेल्या पेशंटचं बिल अडकतं. कागद पुरे होईपर्यंत जुनी परत यायची वेळ. तुझ्या राज्यानं पगाराची सोय केली, माझ्या मंगळवारच्या 14 पेशंटची कुणी केली?

(इथं मला मध्ये बोलायला हवं. या विषयावरचे बहुतेक लेख मालक म्हटला की कंजूष, असं धरून चालतात. मावशींची तक्रार कंजूषपणाची नाही. विमा पैशाची भरपाई करतो, हाताची करत नाही; आणि आठ माणसांच्या जागेत एक हात म्हणजे अष्टमांश धंदा असतो.)

भाचा: काही राज्यांनी त्याचा विचार केलाय. वॉशिंग्टन राज्यात लहान मालकानं रजेवरच्या माणसाच्या जागी तात्पुरता माणूस घेतला, तर 3,000 डॉलरपर्यंत अनुदान मिळतं. ऑरेगॉनमध्येही तसंच आहे.

मावशी: 3,000 डॉलरात मला थेरपिस्टचे दोन आठवडे मिळतील. फार तर.

भाचा: मग कॅलिफोर्नियाचं सर्वेक्षण ऐक. तिथं योजना सुरू झाल्यावर काही वर्षांनी आयलीन ॲपलबॉम आणि रूथ मिल्कमन या दोघींनी मालकांना गाठून विचारलं. 89 टक्के म्हणाले, उत्पादनावर चांगला परिणाम झाला किंवा काहीच जाणवला नाही. आणि लहान धंद्यांच्या तक्रारी मोठ्यांपेक्षा कमी होत्या.

मावशी: रिकाम्या जागेचं काम कुणी केलं, ते विचारलं का?

भाचा: विचारलं. बहुतेक ठिकाणी बाकीच्या माणसांत वाटून दिलं.

मावशी: म्हणजे मालकाला काही जाणवलं नाही, कारण शेजारच्या टेबलावरच्या बाईनं दुप्पट ओढलं. तिला विचारलं असतं, तर 89 चा आकडा कुठं गेला असता?

भाचा गप्प बसला, असं लिहिलं असतं तर मावशींची बाजू घेतल्यासारखं झालं असतं. पण खरोखर या प्रश्नाला त्या सर्वेक्षणात उत्तर नाही.

भाचा: बरं, तुझी थेरपिस्ट परत येईल ना?

मावशी: येईल की. मी तिला शब्द दिलाय.

भाचा: शब्दच. कायदा नाही. 2019 ला न्यू जर्सीनं जागा राखून ठेवायची सक्ती 50 माणसांच्या मालकावरून 30 च्या मालकावर आणली. तुझी आठ. रजा घेतली म्हणून तू तिच्यावर सूड उगवू शकत नाहीस, पण जागा राखायला तू बांधील नाहीस. ती वर्षानुवर्षं हप्ता भरते, पैसे तिला मिळतात, नोकरीची हमी मात्र नाही. हडसन ओलांडून मॅनहॅटनमध्ये असती, तर मालकाकडं एकच माणूस असला तरी त्याला ती जागा परत द्यावी लागली असती.

मावशी: मग न्यू यॉर्कचंच चांगलं म्हण.

भाचा: तेही नाही. न्यू यॉर्कची गंमत ऐक. बाळाबरोबर राहायला रजा घेतली, तर 2025 मध्ये आठवड्याला 1,177 डॉलरपर्यंत मिळत होते. पण बाळंतपणातून उठेपर्यंतचे जे सहा-आठ आठवडे, ते आजारपणाच्या विम्यातून, आणि त्याची मर्यादा आहे 170 डॉलर. आठवड्याला. 1989 पासून तीच. टाके पडलेल्या बाईला 170, आणि तिच्या नवऱ्याला त्याच घरात, त्याच बाळापाशी बसायला 1,177.

मावशी: काय सांगतोस!

भाचा: म्हणून आपल्या ओळखीत एक जोडपं हिशेब मांडून बसलं होतं. दोघंही एडिसनचे. ती मॅनहॅटनला जाते, तो प्रिन्स्टनला. कायदा घराचा लागत नाही, नोकरी जिथं त्या राज्याचा लागतो. आणि दुसऱ्या बाजूची नदी ओलांडून फिलाडेल्फियात नोकरी धरली, तर पेनसिल्व्हेनियात अशी राज्य योजनाच नाही. तिथं उरतो फक्त 1993 चा फेडरल कायदा.

त्या फेडरल कायद्याबद्दल दोन शब्द, कारण बाकी सगळं त्याच्या उणिवांतून उगवलं आहे. जॉर्ज बुश थोरल्यांनी दोनदा नकाराधिकार वापरल्यावर फेब्रुवारी 1993 मध्ये बिल क्लिंटन यांनी फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्टवर सही केली. 12 आठवड्यांची रजा, नोकरी शाबूत, पगार शून्य. तीही 75 मैलांच्या आत 50 माणसं असलेल्या मालकाकडं, वर्षभर आणि 1,250 तास काम केलेलं असेल तर. ज्याच्या घरी एका पगारावर चूल पेटते, त्याला बिनपगारी रजा हा हक्क असून नसल्यासारखा. 2021 मध्ये प्रतिनिधिगृहानं चार आठवड्यांच्या पगारी रजेचं विधेयक संमत केलं. सिनेटमध्ये ते अडकलं ते अडकलंच. मग ज्या त्या राज्यानं आपली वाट धरली. सक्तीच्या विम्याचे कायदे आता 13 राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टन डीसीत आहेत.

मावशी: पण सक्ती का? मला हा मुद्दा कधीच पटला नाही. तुमच्या पगारातून कापतात, त्यात पन्नाशीची माणसं आहेत, ज्यांना मूल नको ती आहेत. मूल होणं म्हणजे काही अपघात नव्हे. विमा अपघाताचा असतो.

भाचा: असाच वाद कॅलिफोर्निया सरकार 1974 मध्ये सुप्रीम कोर्टात लढत होतं. तिथं 1946 पासून आजारपणाचा विमा होता, कामगारांच्या पगारातला 1 टक्का कापून चालवलेला. त्यात संधिवाताच्या गाठी, प्रोस्टेटचं ऑपरेशन, सगळं बसायचं. नॉर्मल बाळंतपण बसायचं नाही. कोर्टानं सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला, की हा स्त्रियांशी भेदभाव नव्हे. ही विभागणी गरोदर स्त्रिया आणि गरोदर नसलेली माणसं अशी आहे, आणि दुसऱ्या गटात स्त्रियाही आहेतच.

मावशी: वा! वकिली म्हणतात ती हीच.

भाचा: चार वर्षांनी अमेरिकी काँग्रेसला गरोदरपणावरून भेदभावाला बंदी घालणारा कायदा करावा लागला. तुझ्या मुद्द्याचं म्हणशील, तर पन्नाशीच्या माणसाला मूल होणार नाही, पण त्याच्या आईला पक्षाघात होऊ शकतो. तो हप्ता त्याच्यासाठीही आहे.

मावशी: ज्याला हवा त्यानं घ्यावा. न्यू हॅम्पशरनं 2023 पासून ऐच्छिक योजना ठेवलीय. टेक्सास, फ्लोरिडानं खासगी कंपन्यांना असा विमा विकायची मुभा दिलीय. तुम्हाला हवा तो घ्या, बाकीच्यांना सोडा.

भाचा: ऐच्छिक ठेवला, तर तो कोण घेईल? ज्यांचं पुढच्या वर्षी बाळ ठरलंय ती. मग हप्ता वाढेल, हप्ता वाढला की धडधाकट माणसं गळतील, आणि उरतील फक्त पैसे काढणारे. सगळ्यांना घेतलं, म्हणून तर शेकड्याला सेंटांवर भागतं.

मावशी: सेंटांवर? 2023 ला न्यू जर्सीचा दर 0.06 टक्के होता, 2025 ला 0.33. दोन वर्षांत पाचपटीहून जास्त! वॉशिंग्टन राज्यानं 2019 ला 0.4 नं सुरुवात केली, 2025 ला 0.92. मेरीलंडनं 2022 मध्ये राज्यपालांचा नकाराधिकार मोडून कायदा केला आणि मग पैसे द्यायची तारीख ढकलत ढकलत 2028 वर नेली. पेरोलवाल्या माणसा, हा हिशेब तुला दिसत नाही का?

भाचा: दिसतो. न्यू जर्सीचा दर झोके घेतो, हे खरं. 2021 ला 0.28 होता, दोन वर्षांत 0.06 वर उतरला आणि मग उसळला. दरवर्षी गंगाजळी पाहून दर ठरतो, म्हणून तसं होतं. वॉशिंग्टनचं वेगळं: त्यांनी अंदाज कमी धरला आणि मागणी जास्त आली. आता मला सांग, मागणी जास्त आली याचा अर्थ योजना फसली, की लोकांना तिची गरज होती?

मावशी: दोन्ही असू शकतं.

दोन्ही असू शकतं हे बरोबरच. पण या राज्यांच्या इतिहासात एक बारकावा आहे, तो दोघांच्याही हातून निसटतो. योजना आधी कुठं आल्या ते पाहा. ऱ्होड आयलंडनं 1942 मध्ये, कॅलिफोर्नियानं 1946, न्यू जर्सीनं 1948 आणि न्यू यॉर्कनं 1949 मध्ये आजारपणाचा सक्तीचा विमा सुरू केला होता. कुटुंबासाठी पगारी रजेचे पहिले चारही यशस्वी कायदे याच चार राज्यांतले: कॅलिफोर्नियाचा 2002 चा, ज्याचे पैसे जुलै 2004 पासून मिळू लागले, न्यू जर्सीचा 2008 चा, मग ऱ्होड आयलंड, मग न्यू यॉर्क. पगारातून कापायची व्यवस्था, कार्यालयं, अर्जांचे नमुने सगळं तयार होतं. त्यात एक कलम घालायचं होतं. वॉशिंग्टन राज्यानं 2007 मध्येच पगारी रजेचा कायदा केला होता, पण पैसे कुठून आणायचे ते ठरवलंच नाही. दहा वर्षं तो कायदा नुसता कागदावर राहिला. 2017 मध्ये नवा करावा लागला. कोलोरॅडोच्या विधिमंडळाला जमेना, तेव्हा 2020 मध्ये मतदारांनीच मतपेटीतून तो करून घेतला. ज्यांना पाया नव्याने घालावा लागला, त्यांच्या इमारतीला तडे दिसतात, यात मला नवल वाटत नाही.

मावशी: एक सांगू? तू रागावू नकोस. फेडरल करखात्यातल्या नोंदी घेऊन काही अर्थतज्ज्ञांनी 2019 मध्ये कॅलिफोर्नियाच्या योजनेचा अभ्यास केला. योजना नवी असताना ज्या बायकांनी पहिल्या बाळासाठी ही रजा घेतली, त्यांच्यातलं नोकरीचं प्रमाण सहा ते दहा वर्षांनी 7 टक्क्यांनी घटलेलं होतं, कमाई 8 टक्क्यांनी. बायकांचं भलं म्हणून आणलेल्या रजेनं त्यांनाच मागं टाकलं.

भाचा: तो अभ्यास मी वाचलाय. त्याच अभ्यासात या आया मुलांबरोबर जास्त वेळ घालवतात, असाही सूर आहे. त्यांनी तो निवडला असेल, तर तोटा कुणी ठरवायचा? आणि त्या काळी कॅलिफोर्नियात पगाराच्या 55 टक्केच मिळायचे. घरातला कमी पगार कुणाचा, तर बहुधा बायकोचा. मग रजा कोण घेणार? तीच. नवऱ्याच्या 45 टक्क्यांची तूट घराला झेपत नाही. 2025 पासून त्यांनी प्रमाण 70 ते 90 टक्के केलंय, कमी पगारवाल्याला जास्त. मी घरी राहिलो तो 85 टक्के होते म्हणून. 55 असते, तर मीही काकांसारखा तिसऱ्या दिवशी ऑफिसात असतो.

मावशी: आणि तुझी बायको?

भाचा: तिची रजा संपली आणि माझी सुरू झाली. दोघं कामावर गेल्यानंतर पाळणाघरात टाकलेली मुलगी साडेसात महिन्यांची होती, दोन महिन्यांची नव्हती.

मावशी: हं. (थोड्या वेळानं) माझ्या पुतणीला पुण्यात 26 आठवडे पूर्ण पगारी मिळाले. पण त्याआधी एका मुलाखतीत विचारलं होतं, लग्नाला किती वर्षं झाली म्हणून. थेट मुलाचं विचारता येत नाही, मग असं आडून. म्हणून म्हणते, कायदे करताना जरा जपून.

भाचा: पण तिथं तो पगार कुणी दिला?

मावशी: कंपनीनं.

भाचा: तिथंच तर मेख आहे! 2017 च्या दुरुस्तीनं 12 चे 26 आठवडे केले आणि सगळा भार मालकावर टाकला. मग मालक मुलाखतीतच गणित मांडतो. इथं तुझ्या थेरपिस्टचा पगार तुझ्या गल्ल्यातून जात नाही. बाई नोकरीला घेतली काय, बुवा घेतला काय, तुला सारखंच. आणि बुवाही रजेवर जाऊ शकतो, म्हणून तर बाईवरच शंका घेण्यात अर्थ उरत नाही.

हा मुद्दा नवा नाही, आणि तो मांडायला अमेरिकेत जावं लागलं नव्हतं. जुलै 1928 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात कामगार बायकांच्या प्रसूती-भत्त्याच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे असं सांगितलं, आणि हा भार मुख्यतः सरकारनं उचलायला हवा हेही मान्य केलं. लोकांच्या कल्याणाची जपणूक हे मुळात सरकारचं काम, असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला, कारण त्या बाईच्या श्रमाचा फायदा घेणारा मालक अगदीच मोकळा सुटू नये. 1929 मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, तो मालकावर भार टाकूनच. पुढं 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्यानं हप्त्याची वाट दाखवली, पण ती ठरावीक पगारापर्यंतच्या कामगारांपुरती. आज ती मर्यादा महिन्याला 21,000 रुपये आहे. त्यावरच्या नोकरदार बाईचा भार अजून एकट्या मालकाच्या डोक्यावर आहे. पुण्यातल्या त्या मुलाखतीतला आडून विचारलेला प्रश्न या अर्धवट सोडलेल्या हिशेबातून येतो, असं मला वाटतं.

मावशी: ठीक आहे, पगाराचं तुझं मान्य. हप्ता सगळ्यांनी मिळून भरावा, एकट्या मालकावर नको. माझी खुर्ची तरीही रिकामीच आहे.

भाचा: त्याला कायद्यात एक फट आहे, पण ती उघडायची की नाही ते तिच्या हातात, तुझ्या नाही. सलग 12 आठवड्यांऐवजी सुटे दिवस घेता येतात, 56 दिवसांपर्यंत. 2019 पासून बाळासाठीच्या सुट्या दिवसांना मालकाची परवानगी लागत नाही, 15 दिवस आधी कळवलं की झालं. सलग घ्यायची, तर 30 दिवस आधी.

मावशी: म्हणजे मला न विचारता ती आठवड्यातून दोन दिवस गायब होऊ शकते? हे तर आणखी वाईट!

भाचा: किंवा आठवड्यातून तीन दिवस हजर राहू शकते. तिचं लायसन्स आहे, इन्शुरन्सकडं तिचं नाव आहे, तिच्या पेशंटना ती ओळखते. बाळंतपणातून उठली की पहिले काही आठवडे तिला सलग राहू दे, मग आठवड्याला दोन दिवस रजा, तीन दिवस काम. बदली माणसाची भानगडच नको. विचारून तर बघ तिला. फक्त दबाव आणायचा नाही हं, ते बेकायदा होईल.

मावशी: मी कशाला दबाव आणू? ती स्वतःच परवा म्हणत होती, सलग एवढे दिवस घरी वेड लागेल म्हणून. तिचीही आई यायचीय मे महिन्यात, हैदराबादहून. म्हणजे आई असेतोवर ती तीन दिवस येईल... कुठले दोन दिवस सोडायचे, ते कोण ठरवतं?

भाचा: तुम्ही दोघी बसून. मालकाचं काम फार अडणार नाही, असं तिनंही पाहायचं असतं.

मावशी: बुधवार-शुक्रवार घे म्हणावं. सोमवारी एक वेळ चालेल. मंगळवार मात्र नको, मंगळवारी 14 पेशंट असतात.